टेकडीवरची बाग आणि आमची हप्त्यांची वही

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काका, आपल्या भागाचं काहीतरी लिहा’ असा सेक्रेटरींचा हुकूम झाला. चारोटी म्हटलं की लोकांना हायवे आणि महालक्ष्मीची जत्रा आठवते. मला आठवते ती डहाणूकडची कोसबाडची टेकडी.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत गोखले एज्युकेशन सोसायटीने त्या टेकडीवर शेतीशिक्षणाची संस्था काढली. १९५७च्या सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून आपले बालशिक्षणाचे काम घेऊन तिथेच आल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. शेतीचे काम पुढे जयंतराव पाटलांनी वाढवले. ते नंतर नियोजन आयोगाचे सदस्य झाले. १९७६ मध्ये तिथे कृषी विज्ञान केंद्रही आले. करून शिकायचे आणि संस्थेच्या कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याच्या रानात नेऊन दाखवायचे, ही अशा केंद्रांची रीत.

‘पर्माकल्चर’ हा शब्द १९७८ साली टास्मानियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांच्या पुस्तकामुळे जगभर गेला. हे काम सुरू झाले तेव्हा त्यातला होमग्रेन कॉलेजचा विद्यार्थी होता! पाणी अडवा, पाचोळा जाळू नका, एका झाडाच्या सावलीत दुसरे वाढवा, असा साधारण मतलब. आपल्या सीमेपलीकडे उंबरगावजवळच्या देहरीत भास्कर सावे हे शिक्षक ‘कल्पवृक्ष’ वाडीत नारळ-चिकूमध्ये हेच करत होते, हा शब्द निघण्याच्याही आधीपासून. जपानचे फुकुओका त्यांची वाडी पाहून गेले.

आता माझी गोष्ट. ऐंशीच्या दशकात मी या भागात बँकेत शेतीकर्जे पाहत होतो. कामानिमित्त कोसबाडला गेलो की विद्यार्थी कुदळ घेऊन उताराला आडवे चर काढताना दिसत. आजूबाजूच्या पाड्यांतली वारली माणसे सोबत असत, आणि कोणते झाड कुठे तगेल हे बहुतेक वेळा तीच सांगत. मला वाटे, मजूर आहेत. एकदा तिथल्या एका मास्तरांनी हसून सांगितले, “साहेब, ते आम्हाला शिकवतायत.”

पण टेबलाशी परतलो की मी पुन्हा बँकवाला. एका वारली शेतकऱ्याचा चिकूच्या कलमांसाठीचा अर्ज मी नापसंत केला. चिकूचे चांगले उत्पन्न यायला सात-आठ वर्षे, आणि माझा हप्ता दुसऱ्या वर्षापासून. शेरा मारला, ‘परतफेडीची क्षमता नाही’. तो काही बोलला नाही. कागद घडी करून कनवटीला लावला आणि गेला. नियमाने मी चूक नव्हतो, हेच आजही जास्त टोचते. मुदत वाढवून मागायची शिफारस मला करता आली असती, केली नाही.

म्हणून आपल्या मागच्या कंपाउंडच्या पट्ट्याबद्दल एवढे बोलतो. पंचवीस वर्षे तिथला पाचोळा आपण जाळतो, आणि आता पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव येतोय. पार्किंग लागते, मान्य. पण ब्लॉक बसले की गच्चीचे पाणी सरळ गटारात, आणि एप्रिलमध्ये आपण टँकरला फोन करणार. माझी सूचना सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे : दोन आडवे चर, पाचोळ्याचा एक खड्डा, शेवगा, केळी, कढीपत्ता. जवळच्या कॉलेजच्या एनएसएसची मुले रविवारी यायला तयार आहेत. आपले माळीबुवा पाड्यावरचेच. पहिले झाड कुठे लावायचे ते त्यांना विचारले. ते म्हणाले, “आधी पाऊस कुठं थांबतो ते बघू द्या.”