कोऱ्या कॅसेटची कुळकथा

जपानातील क्योतो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने फुलांची चित्रे असलेले, हाताने बनविलेले पत्ते विकण्याचे दुकान काढले. आजची निन्टेंडो कंपनी ती हीच. पत्त्यांच्या धंद्यात एक मोठी अडचण असते. कॅट एकदा विकला की गिऱ्हाईक त्यावर वर्षानुवर्षे खेळते, आणि दुकानदाराच्या पदरात पुन्हा काही पडत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ च्या एप्रिलात, याच कंपनीने 'गेम बॉय' हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा ती अडचण दूर झालेली होती. यंत्र एकदाच घ्यायचे. पण प्रत्येक नव्या खेळासाठी नवी कॅसेट विकत घ्यायची! इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात. आपल्याकडच्या पोरांनी मात्र तिला कॅसेटच म्हटले, आणि मीही तेच म्हणणार.

सारा व्यापार कॅसेटवर, म्हणून कुलूपही कॅसेटलाच. गेम बॉय सुरू केला की कंपनीचे नाव पडद्यावर वरून हळूहळू खाली उतरते. मुलांना ती शोभा वाटते; वास्तविक तो दारवान आहे. त्या नावाचे चित्र प्रत्येक कॅसेटमध्ये ४८ बाइटांत साठविलेले असते. बाइट म्हणजे संगणकाच्या लिपीतले एक अक्षर समजा. यंत्र आपल्या पोटातल्या प्रतीशी ही अक्षरे ताडून पाहते, आणि एक जरी चुकले तरी जागच्या जागी थिजते. यातली खरी मेख कायद्याची होती. परक्याने कॅसेट बनवायची म्हटली, तर तिच्यात निन्टेंडोचे बोधचिन्ह घालणे भाग. आणि घातले की बोधचिन्हाच्या चोरीचा आरोप तयार! अशीच युक्ती सेगा या दुसऱ्या कंपनीने आपल्या यंत्रात केली होती. १९९२ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सेगाला सुनावले, की कुलूप तुमचेच असल्यामुळे होणाऱ्या घोटाळ्याचे खापर दुसऱ्यावर फोडता येणार नाही.

आता कोऱ्या कॅसेटकडे वळू. कारखान्यात भरलेली मूळ कॅसेट म्हणजे शिलालेख: एकदा कोरला तो कोरला. कोरी कॅसेट म्हणजे शाळेतली पाटी. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. ही पाटी तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी घडविली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. तिच्यावरचे सारे एका झटक्यात पुसले जाते, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला, म्हणून तिचे नाव 'फ्लॅश'. पुढे मोबाइलपासून कॅमेऱ्यापर्यंत सर्वत्र ही पाटी जाऊन बसली. शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकांनी २००४ साली आपल्या जुन्या कंपनीवर १०० कोटी येनांचा दावा लावला. २००६ साली तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाखांवर. मला ही रक्कम फार तोकडी वाटते.

पाटी आणि खेळाचे यंत्र यांची खरी गाठ पडली ती २००४ साली आलेल्या 'निन्टेंडो डीएस'च्या काळात. दोन-तीन वर्षांतच 'आर-फोर' नावाची कॅसेट बाजारात आली. तिच्यात नखाएवढे मायक्रो एसडी कार्ड बसवायचे, आणि एका कॅसेटीत पन्नास खेळ घेऊन हिंडायचे. हौशी मंडळींनी स्वतः लिहिलेले खेळही तिच्यावर चालत, हे खरे. पण बहुतेकांनी ती फुकट्या खेळांसाठीच घेतली, हेही तितकेच खरे. खेळ रचणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता. २००८ साली निन्टेंडो आणि पन्नासांहून अधिक खेळउत्पादक तोकियोच्या न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २००९ रोजी तिची आयात आणि विक्री बंद करण्याचा हुकूम झाला. पुढच्या वर्षी लंडनच्या न्यायालयानेही तोच सूर लावला.

आणि येथून पुढे खरी गंमत! ज्या वस्तूवर नकलेचा आरोप, तिच्याच नकला बाजारात लोटल्या. पूर्वी आपल्याकडे 'ब्रिक गेम'वर '९९९९ खेळ' असे छापलेले असे आणि आत तेच ते दहा-पाच निघत, तशातलाच हा प्रकार. लेबलावर तेच 'आर-फोर', पुढे एखादे अक्षर किंवा आकडा जास्त, आणि आतली जडणघडण निराळीच. असल्या कॅसेटीला कर्नेल नावाची फाइल लागते; ती म्हणजे तिचा कारभारी. एका घरचा कारभारी दुसऱ्या घरी चालत नाही. म्हणून नुसते नाव पाहून फाइल चढविली की पडदा 'लोडिंग'वर अडून बसतो. लेबलाच्या तळाशी छापलेला पत्ता नीट वाचून त्याच जातीचा कर्नेल घ्यावा लागतो. पहिल्या आर-फोरला २ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखताच येत नसे. कार्ड फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले हवे. शिवाय बनावट कार्डे असतातच: वर लिहिलेले ३२ जीबी, पोटात ४! काही नकली कॅसेटींच्या कर्नेलमध्ये तर एक तारीख दडविलेली असते. ती उलटली की कॅसेट मुकी होते. उद्देश उघड आहे, गिऱ्हाइकाने नवी घ्यावी. उपाय मात्र मजेदार: यंत्राचे घड्याळ मागच्या एखाद्या वर्षावर न्यायचे, की ती पुन्हा बोलू लागते.

न्यायालयाने जिचे दार बंद केले, त्या वस्तूचा दुसरा उपयोग आता जुन्या खेळांच्या रसिकांना दिसू लागला आहे. अमेरिकेत प्रसिद्ध झालेले जुने खेळ तपासून तिथल्या एका इतिहास-प्रतिष्ठानाने २०२३ साली सांगितले, की त्यांपैकी शेकडा ८७ आज दुकानात मिळतच नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने आपल्या 'थ्री-डीएस' यंत्राचे ऑनलाइन दुकानही मिटले. शिलालेख झिजत नाही म्हणावे, तर कॅसेटचे तसे नाही. १९९६ च्या 'पोकेमॉन'मध्ये मुलाने जमविलेली सारी पुंजी एका नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर टिकून असते. पंधरा-वीस वर्षांत सेल मरतो, आणि एका उन्हाळी सुट्टीतले सारे पराक्रम रात्रीत नाहीसे होतात.

म्हणून जाणती माणसे सेल जिवंत असतानाच कामाला लागतात. कॅसेटचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. तोंडाने फुंकर मारायची नाही, ओलाव्याने गंज चढतो. मग संगणकाला जोडलेल्या छोट्या खाचेत कॅसेट बसवून आतली पुंजी उतरवून घ्यायची, जुना सेल काढून नवा डाख देऊन बसवायचा, आणि पुंजी परत भरायची. १९९९ साली आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत त्याच सेलवर घड्याळही चालते. ते तेवढे पुन्हा लावावे लागते.