तांब्या खाली ठेवा!

मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली आणि तिच्या खोलीतलं क्रोटन माझ्या पदरात पडलं. "बाबा, जपा हं!" एवढंच ती म्हणाली. मी जपलं. सकाळी एक तांब्या, दुपारी एक, रात्री निजण्यापूर्वी आणखी एक. महिन्याभरात कुंडीवर चिलटं घोंगावू लागली, पानं पिवळी पडली आणि देठांच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी दिसू लागलं. सौभाग्यवतींनी चष्मा लावून निदान केलं, "पिठ्या ढेकूण आहे तो! आणि चिलटं तुमच्या तांब्याची."

माणूस हरला की इतिहासाकडे वळतो. मीही वळलो. तिथे भेटले लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड. गृहस्थांना नेच्यांचा भारी नाद. पण शहराच्या कोळशाच्या धुरात नेचा म्हणून टिकेना. १८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोश ओल्या मातीत घालून काचेच्या बंद बरणीत ठेवला. वाट पाहिली पतंगाची, उगवला नेचा! मातीतली वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. १८३३ मध्ये अशाच काचपेट्यांतून रोपं सिडनीला निघाली आणि जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपंही अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात धाडली. चहाबाजांनी त्या बरणीला एक नमस्कार करायला हरकत नाही.

पण मला हादरवलं ते बरणीच्या शेवटानं. पाण्याचा थेंब न घालता आतली रोपं जवळजवळ चार वर्षं जगली. मग डॉक्टर परगावी असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि रोपं गेली!

मी तांब्या खाली ठेवला. स्पिरिटच्या बोळ्यानं ढेकूण पुसले. चार-आठ दिवसांनी पुन्हा पुसले, कारण हा पाहुणा एकदा सांगून जात नाही. बशीत साचलेलं पाणी ओतून दिलं. आता मातीत बोट खुपसून बघतो, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. "मुलीला फोन करण्याचंही तसंच करा," सौभाग्यवती म्हणाल्या. तेही केलं.

क्रोटनला नवा कोंब फुटला. पण त्या रिकाम्या खोलीत दिवसातून तीनदा जायला आता निमित्त उरलं नाही.

परवा तिचाच फोन आला. "बाबा, झाड कसं आहे?"

"छान आहे. हल्ली मी त्याला फार त्रास देत नाही."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मला दिलात तरी चालेल हं!"