यादवगिरीची स्प्रिंग आणि चामुंडीचा चढ

महाराष्ट्रातून म्हैसूरला येणारी मंडळी राजवाडा बघतात, जगनमोहन पॅलेसमधली हळदणकरांच्या चित्रातली दिवा धरलेली स्त्री बघतात, चामुंडीचं दर्शन घेतात आणि संध्याकाळी वृंदावन बागेतली कारंजी बघून परततात. स्टेशनच्या पलीकडे यादवगिरीला मात्र कोणी जात नाही. जावं असं मला मनापासून वाटतं, कारण १९६१ पासून १९९६ पर्यंत आयडियल जावाचा कारखाना तिथे होता. आपल्याकडे गावोगावी धडधडत गेलेली जावा आणि नंतरची येझदी याच कारखान्यातून बाहेर पडली. माझे सासरे तिथे जुळणी विभागात होते. मी मिरजेची. माहेरी वडिलांची येझदी होती आणि सासरी ती बनवणारी माणसं भेटली, त्यामुळे या गाडीविषयी मी परक्यासारखं लिहू शकत नाही.

पण आज लिहायला बसले ती भाच्याच्या प्रश्नामुळे. तो नोकरीसाठी पुण्याहून म्हैसूरला आलाय आणि त्याला माउंटन बाईक घ्यायची आहे. "मावशी, हार्डटेल घेऊ की फुल सस्पेन्शन?" हार्डटेलला शॉकअप फक्त पुढच्या चिमट्यात असतो, मागचं चाक फ्रेमला जखडलेलं असतं. फुल सस्पेन्शनमध्ये मागचं चाकही सांध्यांवर वरखाली होतं आणि त्याला वेगळा शॉकअप असतो. दुकानदार दोन्हींचे गुण सांगतो. मला मात्र या प्रश्नाचं उत्तर यादवगिरीत सापडतं.

चेक देशात फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जावा सुरू केली, तेव्हा मोटरसायकलचं मागचं चाक फ्रेमला घट्ट बसवलेलं असे. बसणाऱ्याची हाडं वाचवायला सीटखालच्या स्प्रिंगा आणि टायरमधली हवा, एवढाच आधार. महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, जावाने २५० सीसीची पेराक आणली. तिच्या मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना नळ्या होत्या आणि त्यांत स्प्रिंगा सरकत. चाक थोडंसंच हलायचं, पण तेवढ्यानेही गाडीची चाल बदलली. १९५०च्या दशकात पुढची पायरी आली. मागचं चाक हलत्या स्विंगआर्मवर बसलं आणि दोन्ही बाजूंना तेल भरलेले शॉकअप लागले. मुंबईच्या आयडियल मोटर्सचे रुस्तम इराणी आधी परदेशातून जावा आणून विकत. पुढे त्यांनी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला, तेव्हा इथे बनू लागली ती ही स्विंगआर्मवाली गाडी. उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झालं. महाराजपद गेल्यावर ते म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते.

शॉकअप म्हणजे काय, हे मला सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून समजावलं. त्यांचं म्हणणं असं, की स्प्रिंग खड्डा गिळते, पण गिळलेलं लगेच परतही करते. नुसती स्प्रिंग असली तर एका खड्ड्यानंतर गाडी चारदा उसळते. शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्यात धक्क्याची ताकद जिरते आणि तेल थोडं गरम होतं. म्हणून चांगल्या शॉकअपची परीक्षा तो किती दबतो यावर करायची नाही, दबल्यावर परत कसा येतो यावर करायची. एवढी एक गोष्ट कळली की सायकलच्या दुकानात कोणी आपल्याला फसवू शकत नाही.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. धक्का तेलात जिरतो तसा चालवणाऱ्याचा जोरही जिरतो. जावाच्या २४९ सीसी इंजिनात सुमारे बारा अश्वशक्ती होती. दोन सायलेन्सर आणि किक-गिअरचा एकच दांडा असलेली ती गाडी डबलसीट माणसं, मागे दुधाचे कॅन, नाहीतर धान्याचं पोतं घेऊन कच्च्या रस्त्यावर चालायची. मागच्या स्विंगआर्मचं वजन आणि त्यात वाया जाणारी ताकद इंजिन सोसत होतं. पेट्रोल थोडं जास्त लागलं तरी चालवणाऱ्याच्या पायाला ते कळत नव्हतं. सायकलला इंजिन नाही. तिच्या प्रत्येक सांध्याचा, बेअरिंगचा आणि स्प्रिंगचा खर्च मांडीच्या स्नायूंनी भरायचा असतो.

सायकलवाल्यांनी हा हिशेब फार पूर्वी एकदा मांडला होता. १८८५ मध्ये इंग्लंडात लिन्ली आणि बिग्स यांनी व्हिपेट नावाची स्प्रिंगच्या फ्रेमची सायकल काढली. तेव्हा टायर भरीव रबराचे होते आणि रस्ते दगडी, त्यामुळे कल्पना अगदी योग्य होती. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला. स्प्रिंगच्या फ्रेमने जे काम वजन वाढवून आणि खटके निर्माण करून केलं होतं, तेच हवेने जवळजवळ फुकटात केलं. स्प्रिंगच्या फ्रेमी मागे पडल्या. आपल्या वडील-आजोबांच्या हर्क्युलस, रॅले, अ‍ॅटलास अशा काळ्या सायकलींना सीटखालची जाड स्प्रिंग आणि अठ्ठावीस इंची चाकं, एवढंच पुरत असे. त्यांच्यावरून पोस्टमन, दूधवाले, शिक्षक आयुष्यभर फिरले. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली जपून ठेवल्या आहेत. त्या बघताना मला नेहमी वाटतं, की त्या घडवणाऱ्यांना रस्त्याची जाण आजच्या अनेक कंपन्यांपेक्षा जास्त होती.

सायकलवर स्प्रिंग पुन्हा आली ती डोंगरामुळे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवरून खाली सुटायचे. तिथली प्रसिद्ध शर्यत रिपॅक, १९७६ ची. उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये मुद्दाम डोंगरासाठी फ्रेम बनवली. गॅरी फिशर आणि टॉम रिची हेही त्याच गटातले. या सगळ्यांच्या सायकलींना शॉकअप मुळीच नव्हता. तो १९८९ मध्ये रॉकशॉक्सच्या आरएस-१ चिमट्याने आला. तो बनवणारे पॉल टर्नर मोटोक्रॉस मोटरसायकलींच्या कामातून आलेले होते. मागच्या चाकासाठी गाजलेली हॉर्स्ट लिंकची रचनाही मोटोक्रॉसमधून आलेल्या हॉर्स्ट लाइटनर यांची. म्हणजे डोंगरी सायकलचे दोन्ही शॉकअप मोटरसायकलवाल्यांच्या हातून आले. यादवगिरीत जे ज्ञान रोज वापरात होतं, तेच सायकलीकडे वळलं.

पण इंजिनाचा फरक राहिलाच. सुरुवातीच्या फुल सस्पेन्शन सायकली पायडल मारताना मागे डुलायच्या आणि चढावर निम्मा जोर त्या डुलण्यात जातो आहे असं वाटायचं. मग शॉकअप बंद करायची कळ आली, सांध्यांची भूमिती सुधारली, वजन कमी झालं. ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाईक १९९६ च्या अटलांटापासून आहे. ज्युलियन अ‍ॅबसालोन यांनी २००४ आणि २००८ ची सुवर्णपदकं हार्डटेलवर जिंकली. २०१२ ला लंडनमध्ये यारोस्लाव कुल्हावी यांनी फुल सस्पेन्शनवर सुवर्ण मिळवलं. मार्ग जास्त खडकाळ झाले आणि सायकलीही हलक्या झाल्या, म्हणून हा बदल घडला. त्यामागे वर्षानुवर्षांचं काम आणि प्रचंड पैसा आहे.

आपल्या बाजारात त्याच काळात निराळंच घडलं. "डबल शॉकर" नावाच्या स्वस्त सायकली मुलांसाठी आल्या. मागे एक जाड स्प्रिंग, तिच्यात तेल नाही, लोखंडी फ्रेम आणि सैल बुश. म्हणजे गिळून लगेच परत करणारी स्प्रिंग. त्या सायकलींनी अनेक मुलांना चढावर घाम फोडून सायकलचा कंटाळा आणला, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. चांगलं हार्डटेल ज्या पैशांत मिळतं, त्या पैशांत फुल सस्पेन्शन मिळत असेल तर त्याच्या मागच्या शॉकअपवर विश्वास ठेवू नये.

आता म्हैसूर. शहरातले रस्ते रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहेत. २०१७ मध्ये महापालिकेने ट्रिन ट्रिन ही भाड्याच्या सायकलींची योजना सुरू केली, तेव्हा सुमारे साडेचारशे साध्या सायकली आल्या. शहरासाठी त्या योग्यच होत्या. डोंगर म्हणजे चामुंडी. शहरापेक्षा साधारण तीनशे मीटर उंच, कोट्यवधी वर्षांच्या गुलाबी ग्रॅनाइटचा. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांच्या काळात बांधलेल्या हजाराहून जास्त पायऱ्या वर जातात आणि वाटेत एकाच दगडातला प्रचंड नंदी लागतो. बायका प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढतात. त्या पायऱ्यांवर सायकल घालायचा विचारही कोणी करू नये. आजूबाजूचं जंगल राखीव आहे, तिथे बिबटे आहेत, आणि ते त्यांचं घर आहे. सायकलवाल्याच्या वाट्याला येतो तो डांबरी चढ, पायथ्याच्या गावांमधल्या लाल मातीच्या वाटा, वरुणा कालव्याकडचे कच्चे रस्ते आणि श्रीरंगपट्टणकडचा करिघट्टाचा परिसर. यांत लांब चढ आहे, बारीक खडी आहे, खड्डे आहेत. मागच्या शॉकअपशिवाय पार होणार नाहीत असे खडक मात्र या वाटांवर नाहीत.

इथे डनलॉपचं काम पुन्हा उपयोगी पडतं. सव्वादोन इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की लाल मातीतले बहुतेक धक्के टायरच शोषून घेतो. त्याला ना सांधा, ना बेअरिंग. मागच्या शॉकअपची सील आणि सांध्यांची बेअरिंगं वेळच्या वेळी बदलावी लागतात. म्हैसूरच्या पावसाळी चिखलात त्यांची झीज लवकर होते आणि ते काम नीट जाणणारे कारागीर थोडे आहेत.

येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. कमी पेट्रोल पिणाऱ्या शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्यांपुढे आणि धुराच्या नियमांपुढे तिचं दोन-स्ट्रोक इंजिन टिकलं नाही. तिच्या मागच्या स्विंगआर्ममध्ये काही खोट नव्हती.

भाच्याला मी सांगितलं: म्हैसूरला राहणार असशील तर हार्डटेल घे. पुढे शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणारा, हवेवर चालणारा आणि आत तेलाचं दमन असलेला शॉकअप बघ. एकोणतीस इंची चाकं आणि ट्यूबलेस टायर घे. उरलेले पैसे चांगल्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवर आणि हेल्मेटवर घाल. पुढे कधी सह्याद्रीच्या घाटवाटांवर, काळ्या दगडांच्या उतारांवर आठवड्यामागून आठवडे उतरायला लागलास, तर त्या दिवशी फुल सस्पेन्शन घे, आणि ते चांगलं घे.