गुळाच्या ढेपेचा माग

संक्रांतीचा तिळगूळ असो वा होळीची पोळी असो, गुळावांचून आमच्या घरांतील सण पार पडत नाहीं. तथापि ती ढेप कोणत्या गांवच्या काहिलींतून आली, हें विचारणारें घर विरळाच. हा प्रश्न कायद्यास तरी केव्हां सुचला, तें येथें पाहूं.

भेसळीस शासन करण्याची कल्पना आमच्याकडे नवी नाहीं. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधें यांत हलका माल मिसळणारास कौटिल्यानें १२ पणांचा दंड सांगितला आहे. करणारा व खाणारा जेथें एकमेकांस ओळखतात, तेथें एवढें पुरे.

भीमा व घोड या नद्यांच्या कांठीं ही ओळख पुढें तुटत गेली. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. मुठेच्या कालव्याचें पाणी दौंडकडील उसास मिळालें. दौंड-शिरूरकडील माल दूरच्या पेठांस जाऊं लागला, तसा खाणाऱ्यास करणाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला.

मुंबई इलाख्यांत १९२५ सालीं भेसळप्रतिबंधक कायदा झाला. १९३७ च्या प्रतवारीच्या कायद्यानें ‘अॅगमार्क’ची मोहोर आली. १९५४ च्या अखिल भारतीय कायद्यानें घाऊक व्यापाऱ्यानें दुकानदारास मालाची लेखी हमी द्यावी, असें ठरविलें. परंतु माल कोणाकडून घेतला, हें अधिकाऱ्यास सांगण्याचें बंधन दुकानदारावर आलें तें १९६४ च्या दुरुस्तीनें. आमच्या मतें खरा पालट तो हाच. तोंवर कायदा ढेप तपाशी. आतां ती कोठून आली, हेंहि तो विचारूं लागला. पुढें २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलांत आला व त्यानें साध्या बिलासच हमीपत्राचें मोल दिलें.

मात्र हा कायदा शेतकऱ्यास व त्याच्या पिकास लागू नाहीं, गुऱ्हाळास आहे. म्हणजे माग लागला तरी तो गुऱ्हाळाच्या उंबरठ्याशीं थांबतो, आणि तेथें तर अनेकांचा ऊस एकाच चरकांत जातो. पूर्वीं रसाची मळी भेंडीच्या चिकानें काढीत. पुढें पिवळाधमक रंग यावा म्हणून ‘हायड्रोस’सारखी गंधकयुक्त पूड टाकण्याची चाल पडली, कोठें रसांत साखरहि मिसळूं लागले. ढेप नुसती पाहून यांतलें कांहींच कळत नाहीं.

याचा दोष एकट्या गुळव्यावर ढकलणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. काळसर गूळ नाकारून पिवळा मागणारें गिऱ्हाईक आम्हींच. माग तुटला म्हणजे बिल नसलेला लहान दुकानदार सांपडतो, आणि पूड टाकणारा सुटतो. प्रत्येक काहिलीची तारीख, ऊस आलेल्या गांवांचीं नांवें व रसांत टाकलेल्या द्रव्याचें नांव, एवढी नोंद ढेपेबरोबर आली तर हा अन्याय पुष्कळ टळेल. पण ती ठेवण्याचे श्रम गुळवी तेव्हांच घेईल, जेव्हां आम्ही दुकानांत रंगाऐवजीं ती नोंद मागूं.