सुईपासून बुलेटपर्यंत: बुडालेली नावं परत कशी उभी राहिली

 

आज मी मोटारसायकलींचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा बायका हसल्याच होत्या. पण गोष्ट संपली तेव्हा मसाल्याच्या पाकिटावरच्या नावावरून अर्धा तास वाद चालला. म्हणून म्हणते, शेवटपर्यंत ऐका.

गोष्ट सुरू होते सुईपासून. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ रेडिच नावाचं गाव आहे. एके काळी तिथल्या सुया जगभर जायच्या. १८५१ साली जॉर्ज टाउनसेंड यांनी तिथे सुयांचा कारखाना काढला. पुढे तिथे सायकलींचे भाग होऊ लागले, मग सायकली. एन्फिल्ड गावच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं, त्यावरून ‘रॉयल एन्फिल्ड’ हे नाव पडलं. १९०१ मध्ये त्यांची पहिली मोटारसायकल आली. म्हणजे आपल्या गल्लीतून धडधडत जाणाऱ्या बुलेटचं मूळ सुईत आहे.

ट्रायम्फ कंपनीचंही तसंच. जर्मनीहून आलेल्या सिगफ्रीड बेटमान यांनी १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्यापार सुरू केला, तो शिलाई मशीन आणि सायकलींचा. १९०२ मध्ये त्यांची मोटारसायकल निघाली. बीएसए कंपनी बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढली होती. नॉर्टन हे चौथं नाव. पुढची साठ वर्षं या चार नावांचा जगात दबदबा होता.

त्यात बायकाही होत्या बरं का. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या रस्त्यावर ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर फेरी मारणाऱ्याला सोन्याच्या चांदणीचा बिल्ला मिळायचा. १९३४ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी नॉर्टनवर तो मिळवला. बीएसएच्या गाडीने तो १९३७ मध्ये मिळवला, आणि त्यावरून कंपनीने आपल्या गाडीचं नाव ‘गोल्ड स्टार’ ठेवलं.

मग हे सगळं बुडालं कसं? चाललंय ते चालू द्या, या सवयीने. यंत्रं जुनी, इंजिनाची रचना जुनी. गाडीखाली तेलाचा डाग पडला नाही तर टाकीत तेलच नसेल, अशी थट्टा व्हायची. १९६९ मध्ये जपानच्या होंडाने ७५० सीसीची गाडी आणली. बटण दाबलं की चालू, तेलाचा थेंब गळत नाही. गिऱ्हाईक तिकडे वळलं. रेडिचचा एन्फिल्ड कारखाना तर त्याआधीच, १९६७ मध्ये बंद झाला होता. पुढे बीएसएही बुडाली.

आता मेरिडन गावाकडे या. ट्रायम्फचा कारखाना तिथे होता. १९७३ मध्ये मालक कंपनीने तो बंद करायचं ठरवलं. कामगारांनी दारं अडवली आणि तयार गाड्या, यंत्रं बाहेर जाऊ दिली नाहीत. दीड वर्ष ते तिथून हलले नाहीत. शेवटी १९७५ मध्ये सरकारने सुमारे ५० लाख पौंड दिले, बहुतेक कर्ज आणि थोडं अनुदान. कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सुरुवातीला सगळ्यांना सारखा पगार. आपल्या गटासारखंच की!

पण त्यात एक मेख होती. गाडी बनवायची यांनी आणि विकायची मात्र त्याच जुन्या कंपनीने. विक्रीचे हक्क त्या कंपनीकडेच राहिले होते. ते विकत घ्यायला १९७७ साल उजाडलं, आणि त्यासाठी पुन्हा कर्ज. हातात एकच जुनी गाडी होती, बॉनव्हिल. नवी रचना करायला पैसा उरला नाही. कष्टाला ही माणसं कमी पडली नाहीत, पण १९८३ मध्ये संस्था बंद पडली. कारखाना पाडून तिथे घरं बांधली. तिथल्या एका गल्लीला आज बॉनव्हिलचं नाव आहे.

ट्रायम्फचं नाव विकत घेतलं जॉन ब्लूर यांनी. हे गृहस्थ घरं बांधण्याच्या धंद्यातले, तरुणपणी गिलाव्याचं काम केलेले. त्यांनी घाई केली नाही. जुनी बॉनव्हिल थोड्या प्रमाणात बनवायला दुसऱ्या एकाला परवाना दिला आणि स्वतः नवं इंजिन तयार करायला माणसं बसवली. जपानचे कारखाने पाहिले. हिंकली गावात नवा कारखाना बांधला. १९९१ मध्ये गाड्या बाजारात आल्या, म्हणजे नाव घेतल्यावर आठ वर्षांनी. बॉनव्हिल हे सगळ्यात लाडकं नाव तर त्यांनी २००० सालापर्यंत राखून ठेवलं. आधी गाडीवर लोकांचा विश्वास बसू दिला, मग ते नाव बाहेर काढलं. या नव्या बॉनव्हिलला पुढे इंधनाची नवी यंत्रणा बसवली, तीही जुन्या कार्बोरेटरसारखी दिसेल अशी घडवून. रूप आजीचं, पण आतून सगळं आजचं.

बुलेटची वाट वेगळी. १९५५ मध्ये मद्रासच्या कंपनीने रेडिचवाल्यांशी भागीदारी केली. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे जोडले जायचे. हळूहळू सगळे भाग इथेच होऊ लागले. तिकडे मूळ कंपनी संपली, इकडे मद्रासच्या कामगारांच्या हातात बुलेट जिवंत राहिली. १९७७ पासून ती उलट इंग्लंडलाच विकायला जाऊ लागली. १९९४ मध्ये ती आयशर कंपनीकडे आली. तरी २००० च्या सुमारास ती बंद करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. मग तेलगळती थांबवली, उजव्या पायाचा गिअर डावीकडे आणला, पुढे इंजिनच नवं घडवलं. त्यानंतर तिचा जम बसला.

बाकीची नावंही आता भारतीय कंपन्यांकडे आहेत. २०१६ मध्ये बीएसए महिंद्राच्या क्लासिक लेजेंड्सने घेतली आणि २०२१ मध्ये ६५२ सीसीची नवी गोल्ड स्टार दाखवली. नॉर्टनची गोष्ट कडू आहे. तिथे आधीच्या मालकाने नाव परत आणलं होतं, पण २०२० च्या जानेवारीत कंपनी कोसळली. आगाऊ पैसे भरलेले लोक गाडीची वाट बघत राहिले. त्याच एप्रिलमध्ये टीव्हीएसने ती १ कोटी ६० लाख पौंडांना घेतली आणि नवा कारखाना उभारला. आणि ट्रायम्फ? २०२३ पासून तिची ४०० सीसीची गाडी बजाज कंपनी आपल्या चाकणला बनवते.

आता आमच्या वादाकडे येते. आमच्या गटाने काळ्या मसाल्याला एक नाव दिलं होतं. लोक नाव घेऊन मागायचे. एका व्यापाऱ्याने सांगितलं, माल तुम्ही द्या, विक्री माझ्यावर सोडा. आम्हाला बरं वाटलं. दोन वर्षांनी त्याने दुसरीकडून स्वस्त मसाला घेतला आणि पाकिटावर नाव आमचंच ठेवलं. भांडायला गेलो तर कागदावर आमचं काहीच नव्हतं. मेरिडनच्या कामगारांची गोष्ट वाचली तेव्हा मला तो दिवस आठवला.

बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “नाव गेलं तर जाऊ दे, हात आपलेच आहेत. दुसरं नाव ठेवू.” दुसरी म्हणाली, “नाव कमवायला सहा वर्षं गेली, ती कोण भरून देणार?” मला दोघींचंही पटतं. मद्रासला हात टिकले म्हणून बुलेट टिकली. मेरिडनला हात होते, पण विक्रीचा हक्क उशिरा आला आणि नवा माल आलाच नाही.

आम्ही ठराव केला. नवं नाव गटाच्याच नावाने नोंदवायचं. विक्री कुणाकडेही दिली तरी नाव द्यायचं नाही. आणि दर महिन्याच्या नफ्यातले थोडे पैसे नव्या कामासाठी बाजूला ठेवायचे. पहिल्या पैशांतून आम्ही पाकीट बंद करायचं मशीन घेतलं, कारण ओल धरून मसाल्याला वास येतो ही तक्रार खरी होती.

तुमच्या पुढच्या बैठकीत आपलं एक पाकीट मध्ये ठेवा आणि विचारा, यावरचं नाव कागदावर कुणाचं आहे? उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी ठराव लिहा आणि प्रभाग संघात मांडा.

येते मी. नमस्कार.