दानपेटी, सोडत आणि विश्वस्तांचे हात

बाहरीनमध्ये १९७६ च्या दंडसंहितेने जुगार हा अपराध ठरविला आहे, आणि लोककार्यासाठी निधी गोळा करावयाचा तर २०१३ च्या कायद्यान्वये परवाना घ्यावा लागतो. खेळ आणि दान यांवर तेथे असा वेगवेगळा पहारा आहे. ही दोन्ही एकत्र आली म्हणजे पहारा कोणावर असावा, हा प्रश्न मात्र फार प्राचीन आहे.

मिश्नाच्या सान्हेद्रिन भागात फासे खेळणाऱ्याची साक्ष अग्राह्य मानली आहे. परंतु सज्जन खजिनदारालाही आपले शास्त्र मोकळे सोडीत नाही. यरुशलेमच्या पवित्र मंदिरात कोषातील शेकेल काढण्यास जाणाऱ्याने पायतण घालून आत जाऊ नये, असे शेकालीम भागात सांगितले आहे. पुढे तो श्रीमंत झाल्यास लोकांनी कोषाकडे बोट दाखवू नये, हा त्यातील हेतू. तालमूदप्रमाणे दान दोघांनी गोळा करावे, तिघांनी वाटावे; आणि गोळा करणाऱ्याने दानातील नाणी स्वतःच बदलून घेऊ नयेत, इतरांकडून बदलून घ्यावीत. लबाडी उघडकीस येण्याची वाट न पाहता संशयाला जागाच ठेवू नये, हे याचे मर्म होय.

आपल्या मुंबईने सोडतीचा मार्ग पूर्वीच चोखाळला. १८३३ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलसाठी आरंभी लॉटरी काढण्यात आली. तो पैसा अपुरा पडल्याने कंपनी सरकारास भर घालावी लागली. १८७० साली दंडसंहितेत कलम २९४-अ घालून सरकारी अनुमतीवाचून सोडतीची कचेरी चालविणे गुन्हा ठरविले गेले. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. पुढे १९९८ च्या केंद्रीय कायद्याने सोडत राज्याने स्वतः काढावी, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जमा व्हावा, आणि कोणी न नेलेले बक्षीस राज्याचेच व्हावे, असे बंधन घातले. विक्रेत्याचा लाभ आणि सोडतीचा निकाल यांत अंतर राखण्याचाच हा उपाय आहे.

जेथे कायदा अनुमती देतो तेथे आपल्या संस्थांनी सोडत अवश्य काढावी. मात्र तिकिटे विकणारा, हिशेब ठेवणारा आणि चिठ्ठी उचलणारा हे तिघे वेगळे असावेत. मुकादम, गबाई व त्यांचे कुटुंबीय यांनी बक्षिसापासून दूर राहावे. गेलेला पैसा पुन्हा जमविता येतो. गेलेला विश्वास जमविण्यास पिढी लागते.