माउलीचे पद

नामदेवाच्या घरी दासीपण पत्करलेल्या, परभणी मुलखातील गंगाखेडच्या जनाबाईने दळताकांडताना विठ्ठलाला माउली म्हणून जी साद घातली, तिचाच सूर सहा शतकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत उमटला, आणि त्याचे श्रेय मुख्यतः नारायण वामन टिळकांना द्यावे लागते. ख्रिस्ताला माता आणि गुरू अशा दुहेरी नात्याने आळवणारे त्यांचे पद मिशनरी निकल मॅकनिकल यांनी इंग्रजीतही नेले.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावच्या चित्पावन कुळात जन्मलेल्या टिळकांना राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. दिलेल्या शब्दाखातर वाचू लागलेले हे संस्कृतज्ञ शीघ्रकवी गिरिप्रवचनापाशी असे खिळले की, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्माच घेतला. त्याची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांच्या विरहाने मोजली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. या ताटातुटीची हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात इतक्या निर्मळ विनोदाने आली आहे की, पतीच्या श्रद्धेची खरी परीक्षा त्यांच्याच घरी झाली असे मला वाटते.

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत तोवर इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा भरणा होता. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता हे खरे, परंतु परक्या वृत्तात कोंबलेले मराठी शब्द भाविकाच्या जिभेवर अवघडतच. टिळकांनी अभंग, ओवी आणि पदे यांचा मार्ग धरला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते उघड सांगत. जनाबाईची परंपरा ज्यांच्या कानांत रुजली आहे, अशा श्रोत्यांना या पदांची ओळख पटवून द्यावी लागत नाही. काहींना ही जुन्या भक्तीची उसनवारी वाटते. मला मात्र तो वारशावरचा रास्त हक्क वाटतो.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले; १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांचे स्नेही मिशनरी जस्टिन ॲबट यांनी पुढे, १९२६ पासून, याच भक्तिपरंपरेतील एकनाथ, तुकाराम आणि महिपती यांना इंग्रजीत आणण्याचा उद्योग आरंभिला.